वेलीला दृष्ट नव्हे, माशी लागते

 

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या बचत गटाने वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्या लुटल्या नाहीत. कागदाच्या पुड्या केल्या आणि प्रत्येकीत खरबुजाच्या सहा आणि कलिंगडाच्या चार बिया घातल्या. सवाष्ण, विधवा असा भेद न करता ज्या आल्या त्या सगळ्यांच्या ओटीत पुडी पडली. वाण म्हणजे लुटायची वस्तू आणि वाण म्हणजे बियाण्याची जात, दोन्ही एकाच पुडीत आलं म्हणून हसणंही झालं.

पण पुडी हातात घेताना बायांनी जे विचारलं, त्यासाठी आजचं हे बोलणं आहे. एकीने विचारलं, "आमच्या परसात वेल पसरते, फुलं भरपूर येतात, पण सगळी वांझ. काय करायचं?" दुसरी म्हणाली, "आमच्याकडे बोटाएवढं फळ धरतं आणि पिवळं पडून गळतं. सासूबाई म्हणतात, कुणीतरी बोट दाखवलं." तिसरी एक नवी सून होती. ती घोळक्यात काही बोलली नाही. सगळ्या पांगल्यावर हळूच म्हणाली, "मला चार दिवसांत वेलीकडे फिरकू देत नाहीत. मागच्या उन्हाळ्यात काकड्या सडल्या तर माझीच सावली पडली म्हणाले."

वेल कशी लावायची ते आज सांगणारच आहोत. पण वेलीवर जे बिघडतं त्याचं खापर आपण कुणाच्या डोक्यावर फोडतो, तेही सांगणार आहोत. या दोन गोष्टी एकमेकींना धरूनच आहेत.

आधी नावांचा घोळ सोडवू. ज्याला कुणी कलिंगड म्हणतं त्यालाच कुणी टरबूज म्हणतं. ते बाहेरून हिरवं आणि आतून लाल. खरबूज वेगळं. त्याची साल फिकट, बहुधा जाळीदार, आणि पिकलं की घरभर वास सुटतो. सटाणा, मालेगाव, कळवणकडच्या अहिराणी बोलणाऱ्या घरांत खरबुजाला डांगर म्हणतात. आणि बऱ्याच घरांत डांगर म्हटलं की लाल भोपळाच समजतात. तेव्हा बी विकत घेताना नुसतं डांगर म्हणू नका, खरबूज असं स्पष्ट सांगा.

आता, ही वेल परसात कशाला? आपल्या नाशिक जिल्ह्यात द्राक्षं आहेत, कांदा आहे, टमाटे आहेत. पण ते शेत बहुतेक घरांत पुरुषांच्या नावावर असतं. आपण तिथे राबतो, पण काय लावायचं आणि कधी विकायचं हे आपल्याला विचारलं जातंच असं नाही. घरामागचा मोरीजवळचा दहा बाय दहाचा तुकडा मात्र आपल्या ताब्यात असतो. त्यात मेथी घालायची की मिरची, हे आपण ठरवतो. आणि उन्हाळ्यात लेकरांच्या हातात बाजारातल्या रंगीत पाण्याच्या कांड्यांऐवजी घरच्या फळाची फोड आली तर चांगलंच. कलिंगडात दहा भागांतले नऊ भाग पाणीच असतं. नारिंगी गराच्या खरबुजात अ जीवनसत्त्व असतं, क जीवनसत्त्वही असतं. २०२० साली उमेद अभियानाने 'माझी पोषण परसबाग' ही मोहीम घेतली, तेव्हा आपल्यातल्या पुष्कळ जणींनी गोल वाफे करून पालेभाज्या लावल्या होत्या. त्याच वाफ्याच्या कडेला या दोन-तीन वेली मावतात.

वाण निवडताना एवढं बघा. परसबागेला पंधरा किलोचं फळ देणारी जात नको. कलिंगडात शुगर बेबी ही जात मूळची अमेरिकेतली, पण आपल्याकडे कधीची रुळलेली. फळ गोल, काळपट हिरवं, तीन-चार किलोचं, एका घराला पुरे असं. थोडं मोठं फळ हवं असेल तर बेंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेची अर्का माणिक आहे. ती भुरी आणि केवडा या रोगांना बऱ्यापैकी तोंड देते. खरबुजात दिल्लीच्या पुसा संस्थेची पुसा शरबती, पंजाबची हिरव्या गराची हरा मधु, आणि अगदी छोटं, साधारण अर्ध्या किलोच्या आत-बाहेरचं फळ हवं तर बेंगळुरूचीच अर्का जीत. कृषी सेवा केंद्रात संकरित बीही मिळतं. ते चांगलं येतं, पण त्याच्या फळातलं बी पुढच्या वर्षी लावलं तर तसंच फळ येईल याचा भरवसा नाही. घरचं बी राखायचं असेल तर सुधारित जात घ्या. गंगापूर धरणाच्या रस्त्याला मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे. नाशिकच्या बाजूच्या बायांनी तिथे जाऊन विचारायला लाजू नये. ते केंद्र त्याचसाठी आहे.

आता वेळ. खरबूज-कलिंगडाच्या बीला ऊब लागते. निफाडची थंडी तर तुम्हाला माहीतच आहे. डिसेंबर-जानेवारीत पारा इतका उतरतो की द्राक्षबागांतून शेकोट्या पेटतात. अशा थंडीत बी पेरलं तर ते मातीत नुसतं पडून राहतं आणि कुजतं. मग पुन्हा कुणाच्या तरी हाताला यश नाही असं म्हणायला आपण मोकळ्या. म्हणून साधा हिशेब ठेवा. संक्रांतीला खड्डा भरून ठेवायचा, आणि थंडी ओसरली की रथसप्तमीच्या आगेमागे बी टाकायचं. तिथून साधारण पस्तीस-चाळीस दिवसांनी फुलं लागतात, आणि ऐंशी ते पंचाण्णव दिवसांत फळ हाती येतं. म्हणजे पाडव्याच्या सुमाराला वेल फुलावर असते आणि आखाजीच्या आसपास फळ मिळतं. आखाजीला करा-केळीवर, घागरीवर खरबूज ठेवायची रीत आपल्याकडे आहेच. यंदा ते घरचं ठेवा. वळवाचा पाऊस येण्याआधी फळ घरात आलं पाहिजे, कारण पावसात ते पाणचट होतं आणि सडतं.

खड्डा, म्हणजे आळं, दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि तेवढंच खोल घ्या. जागा अशी हवी की दिवसातून सहा-सात तास ऊन मिळेल. खड्ड्यात दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत, मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड आणि वरची माती मिसळून भरा. ताजं शेण घालू नका, त्याने मुळं भाजतात आणि हुमणी येते. भारी काळी जमीन असेल तर थोडी वाळू किंवा मुरूम मिसळा, कारण मुळाशी पाणी साचलेलं या वेलीला चालत नाही. कलिंगडाच्या दोन आळ्यांत सहा फूट आणि खरबुजाच्या दोन आळ्यांत चार फूट अंतर ठेवा. जागा कमी असेल तर दोन कलिंगडं आणि दोन खरबुजं पुष्कळ झाली. ज्यांच्याकडे परस नाही, नुसती गच्ची आहे, त्यांनी सिमेंटच्या रिकाम्या गोणीत किंवा वीस लिटरच्या जुन्या बादलीत बुडाला भोकं पाडून एकेक खरबूज लावावं. वेल दोरीवर चढवायची. फळ लिंबाएवढं झालं की त्याला जुन्या साडीच्या पट्टीची झोळी करून बांधायची, म्हणजे वजनाने देठ तुटत नाही.

बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा आणि मग ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला एक-दोन दिवस ठेवा. पण बाजारातलं बी गुलाबी किंवा निळं रंगवलेलं असेल तर त्याला औषध चोळलेलं असतं. ते भिजवत बसू नका, स्वयंपाकाच्या भांड्याला लावू नका, पोरांच्या हाती देऊ नका. तसंच कोरडं पेरा आणि हात साबणाने धुवा. एका आळ्यात तीन बिया, बोटाच्या एका पेराएवढ्या खोल. उगवल्यावर जोमदार एक रोप ठेवायचं, बाकीची उपटायची नाहीत, कात्रीने बुडाशी कापायची. उपटलं की शेजारच्या रोपाचं मूळ हलतं, आणि या वेलींना मूळ हललेलं खपत नाही. थंडी रेंगाळली असेल तर दुधाच्या रिकाम्या पिशवीत माती-खत भरून घरात उबेला रोप करा. दोन-तीन पानांवर आलं की पिशवी कापून मातीच्या गोळ्यासकट आळ्यात ठेवा.

रोप कोवळं असताना पहिला शत्रू येतो तो तांबडा भुंगा. तो बीची पहिली दोन पानंच खाऊन टाकतो. भल्या सकाळी तो गारठ्याने सुस्त असतो. तेव्हा हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका. पानांवर चुलीची कोरडी राख भुरभुरा. जुनी मच्छरदाणी झाकली तर सगळ्यात उत्तम. फक्त फुलं यायला लागली की मच्छरदाणी काढायची, नाहीतर मधमाशी आत कशी येणार?

पाण्याचं बोलू. पेठ, सुरगाणा, सिन्नरकडच्या कित्येक गावांत उन्हाळ्यात हंड्याची रांग लागते. तिथे वेलीला पाणी घाला म्हणणं सोपं आहे, करणं नाही. म्हणून तांदूळ-डाळ-भाजी धुतलेलं पाणी वेगळं साठवा आणि ते वेलीला द्या. कपड्याच्या साबणाचं पाणी वेलीला सरळ सोडू नका. मागच्या उन्हाळ्यातला झिरपणारा जुना माठ असेल तर तो वेलीपासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा, भरून ठेवा आणि वर झाकण ठेवा. माठ हळूहळू पाझरतो आणि मुळं ओल शोधत त्याच्याकडे येतात. माठ भरला की रोजची धावपळ वाचते. आळ्यावर वाळला पाला, भाताचा पेंढा किंवा सोयाबीनचं कुटार चार बोटं जाड पसरा. ओल टिकते, तण येत नाही आणि फळ मातीला टेकत नाही. पाणी बुडाशीच द्या, संध्याकाळी पानं भिजवू नका. आणि एक दिवस बादलीभर, मग चार दिवस कोरडं, असं करू नका. त्याने फळ तडकतं. फळ पिकायला आलं की पाणी कमी करायचं, म्हणजे गोडी उतरते.

खरबुजाची वेल चार-पाच पानांवर आली की तिचा शेंडा खुडा. तिची फळ धरणारी फुलं बहुतेक बाजूच्या फांद्यांवर येतात. शेंडा खुडला की फांद्या लवकर फुटतात. कलिंगडाचा शेंडा मात्र सुरुवातीला खुडायचा नाही.

आणि आता येतो फुलांचा प्रश्न. बारकाईने ऐका.

या वेलींवर दोन तऱ्हेची फुलं येतात. आधी येतात ती नराची फुलं, बारीक लांब देठावर, मागे काही नसलेली. आठ-दहा दिवसांनी मादीची फुलं येतात. त्यांच्या मागे पाकळ्या उमलण्याआधीच मण्याएवढं इवलंसं फळ दिसतं. खरबुजात हे मागे फळ असलेलं फूल बहुधा नर-मादी दोन्ही असतं, पण तरी परागासाठी त्याला मधमाशीची गरज पडतेच. आपल्याकडे बऱ्याच बाया नराच्या फुलाला वांझ म्हणतात. काही जणी ती खुडूनही टाकतात, उगाच वेलीची ताकद खातात म्हणून.

विचार करा, हे किती उलटं आहे. ज्या फुलात पराग आहे, ज्याच्याशिवाय एकही फळ धरणार नाही, त्याला आपण वांझ म्हणतो. आणि ज्या बाईला मूल झालं नाही तिला तोच शब्द चिकटवतो, कारण तिच्यात आहे की नवऱ्यात आहे हे न तपासता. आमच्या गटाने ठरवलं की हा शब्द वेलीसाठी वापरायचा नाही आणि बाईसाठी तर नाहीच. नराचं फूल म्हणायचं, मादीचं फूल म्हणायचं. बोलताना अजून जीभ घसरते कुणाची, मग दुसरी हसून दुरुस्त करते.

नराच्या फुलातला पराग मादीच्या फुलावर पोचवते मधमाशी. कलिंगडाचं फूल एकच दिवस उमलतं, तेही सकाळचं. त्या सकाळी माशी आली नाही, किंवा आली पण पराग पुरेसा पडला नाही, तर मागचं ते इवलं फळ तीन-चार दिवसांत पिवळं पडतं, आकसतं, टोकाकडून कुजतं आणि गळतं. कमी पराग पडला तर फळ धरतं पण वाकडंतिकडं होतं. कडक उन्हाच्या दिवसांत पराग निकामी होतो, तेव्हाही गळ होते. आणि एका वेलीला झेपतील त्याहून जास्त फळं धरली तर वेल स्वतःच काही सोडून देते.

आता सांगा, यात बोट दाखवण्याचा संबंध कुठे आला? संबंध जोडला जातो तो असा. नवीन फळ दिसलं की आपण आनंदाने बोट दाखवतोच, "ते बघ, धरलं!" सुरुवातीची बरीच फळं तशीही गळणार असतात. गळलं की आठवतं, अमकीने बोट दाखवलं होतं. जे टिकलं त्यालाही कुणीतरी बोट दाखवलेलंच असतं, पण ते कुणी लक्षात ठेवत नाही. चार दिवसांच्या विटाळाचंही तेच आहे. घरात बाया आहेत म्हटल्यावर महिन्यातले काही दिवस कुणाची ना कुणाची अडचण असायचीच. फळ ज्या दिवशी सडेल त्याच्या आगेमागे एखादी सापडतेच, आणि मग शिक्का तिच्यावर बसतो.

नुसतं सांगून पटत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. म्हणून आम्ही गटातल्या काही परसांत एक गोष्ट करून पाहिली, ती तुम्हीही करा. सकाळी सहा ते आठच्या दरम्यान नुकतं उमललेलं नराचं फूल खुडायचं. त्याच्या पाकळ्या मागे दुमडायच्या. मधल्या पिवळ्या भुकटीला बोट लावून पाहायचं, बोटाला लागली म्हणजे पराग तयार आहे. मग ते फूल मादीच्या फुलाच्या मधल्या भागावर अलगद, सगळीकडून फिरवायचं. एका मादीला दोन नर फुलं वापरली तर अधिक बरं. हे झालं की त्या फुलाच्या देठाजवळ लाल दोरा सैल बांधायचा. आणि शेजारची काही मादी फुलं संध्याकाळी कळी असतानाच जुन्या ओढणीच्या तुकड्यात सैल बांधून ठेवायची, म्हणजे माशीही शिवणार नाही. मग सगळ्यांनी मिळून दोन्हीकडे मनसोक्त बोटं दाखवायची!

आमच्याकडे काही ठिकाणी हे काम मुद्दाम ज्या बाईची अडचण होती तिने केलं. ती नको नको म्हणत होती, तिच्या सासूबाई तर दारातूनच बघत होत्या. लाल दोऱ्याची बहुतेक फळं फुगली. ओढणीत बांधलेल्या फुलांचं एकही फळ धरलं नाही. सासूबाईंनी त्यावर काही बोलून दाखवलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच सुनेला हाक मारली, "अगं, आज दोन मादी उमलल्यात, ये लवकर." आम्हांला तेवढं पुरे होतं.

एक गोष्ट मात्र आहे. जिला त्या दिवसांत पोटात दुखतं, अंगावर जास्त जातं, तिला विश्रांती हवीच. तिला बसू द्या, गरम काहीतरी प्यायला द्या. पण विश्रांती देणं वेगळं आणि दूर ठेवणं वेगळं. पहिल्यात माया आहे, दुसऱ्यात दोष देणं आहे.

आता, फळ लिंबाएवढं, पेरूएवढं झाल्यावर सडलं तर? तेव्हा दोषी कोण ते फळ कापून पाहा. आत पांढऱ्या वळवळणाऱ्या अळ्या दिसतील. ही फळमाशीची करणी. ही माशी घरमाशीसारखीच, पण तपकिरी-पिवळसर असते. ती कोवळ्या फळाच्या सालीत सुईसारखं टोक खुपसून आत अंडी घालते. तिथे डिंकासारखा थेंब येतो. अळ्या आतला गर खातात, फळ सडतं, मग अळ्या मातीत उतरतात आणि तिथे कोषात जाऊन पुन्हा माशी होऊन बाहेर येतात. कुणाची दृष्ट लागली म्हणून आपण मीठमोहऱ्या ओवाळतो आणि सडकं फळ उकिरड्यावर फेकतो. तिथे त्या फळातून पुढच्या माशा तयार होतात.

म्हणून सडकं फळ रोजच्या रोज गोळा करा. जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि चार-सहा दिवस कडक उन्हात ठेवा, किंवा दोन फूट खोल पुरा. आळ्याभोवतीची माती वरचेवर खुरप्याने हलवा, म्हणजे कोष उघडे पडतात आणि पाखरं, मुंग्या ते खातात. फळ बोराएवढं झालं, फूल वाळून गळलं, की त्याला वर्तमानपत्राची किंवा जुन्या पातळाची पिशवी घाला. कृषी सेवा केंद्रात क्यू-ल्यूरचा कामगंध सापळा मिळतो. त्यात माशीचे नर अडकतात. शेजारच्या चार-पाच परसांनी मिळून सापळे लावले तर उपयोग जास्त, कारण माशी कुंपण पाळत नाही. एकटीने करण्यापेक्षा गटाने करण्यासारखं काम आहे हे.

पानांवर पांढरी पिठी चढली तर ती भुरी. सुरुवातीलाच एक वाटी दुधात नऊ वाट्या पाणी मिसळून सकाळच्या उन्हात पानांवर फवारा, आठवड्याने पुन्हा फवारा. द्राक्षबागेतलं उरलेलं औषध घरात असतं म्हणून ते उचलून वेलीवर मारू नका. गंधकाने खरबुजाची पानं करपतात, आणि बाकीची औषधं आपल्या लेकरांच्या पोटात जातात. रस शोषणाऱ्या किडींसाठी निंबोळी अर्क करा. पन्नास ग्रॅम निंबोळीची भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्याने गाळा आणि थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारा. सकाळी फुलं उमललेली असताना काहीच फवारायचं नाही, ती मधमाशीची वेळ आहे. पानं आखडून, पिवळी-हिरवी ठिपक्याठिपक्यांची झाली तर तो विषाणूचा रोग. त्याला औषध नाही. ती वेल उपटून पुरून टाका, बाकीच्या वाचतील.

आणखी एक समज. खरबूज काकडीशेजारी लावलं की बेचव होतं, असं म्हणतात. खरं तर काकडीचा आणि खरबुजाचा संकर होत नाही. खरबुजाचा संकर होतो तो वाळूक, शेंदाड, चिबूड यांच्याशी, कारण ती त्याची सख्खी भावंडं. पण तो फरकही या वर्षीच्या गरात उतरत नाही, बीमध्ये जातो आणि पुढच्या वर्षी दिसतो. म्हणून बी राखायचं असेल तेवढं फूल आदल्या संध्याकाळी ओढणीत बांधा, सकाळी त्याच जातीच्या नर फुलाने फळवा आणि पुन्हा बांधा. यंदाचं फळ बेचव झालं असेल तर कारण शोधा शेवटच्या दिवसांतल्या जास्त पाण्यात, सावलीत, किंवा घाईने तोडण्यात.

चव म्हटली की एक गंभीर गोष्ट सांगायलाच हवी. याच कुळातला दुधी किंवा काकडी कधी कधी जहर कडू निघते. तो कडवटपणा म्हणजे विषच असतं. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावली आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही कडू दुधीचा रस पिऊ नका असा इशारा दिलेला आहे. म्हणून चिरताना एक बारीक तुकडा जिभेला लावून बघा आणि कडू लागला तर थुंका. मीठ-साखर घालून खपवू नका, "वाया कशाला घालवायचं" म्हणून स्वतः खाऊ नका. घरातलं उरलंसुरलं, बिघडलेलं आपणच खायचं ही आपली सवय इथे जिवावर बेतू शकते. खाल्ल्यावर उलट्या, जुलाब, पोटात कळ सुरू झाली तर घरगुती उपायात वेळ न घालवता लगेच दवाखाना गाठा आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगा.

फळ तयार झालं हे ओळखायचं कसं? कलिंगडाच्या देठाजवळचा कुरळा तणावा वाळला, जमिनीला टेकलेला पांढरा डाग पिवळसर झाला आणि बोटाने वाजवल्यावर टणटण न वाजता बदबद आवाज आला, की तोडा. खरबूज स्वतःच सांगतं. वास सुटतो, देठाभोवती चीर पडते आणि हलक्या हाताने ते वेलीपासून सुटतं. कलिंगडाच्या एका वेलीवर दोनच फळं ठेवा, खरबुजाच्या वेलीवर तीन-चार. हाव केली तर सगळीच बारकी राहतात.

लाल गर खाऊन झाला की साल फेकू नका. हिरवा पापुद्रा सोलून आतला पांढरा भाग किसा. दही, दाण्याचं कूट आणि मिरची घालून कोशिंबीर होते, थालीपिठात जातो, चण्याची डाळ घालून भाजी होते. खरबुजाच्या बिया धुऊन, वाळवून सोलल्या की मगज. बाजारात तो महाग मिळतो.

पैशाचंही बोलू, कारण दोघी-तिघींनी विचारलं की गटातून कर्ज काढून एकदम अर्ध्या एकरात कलिंगड लावू का. आठवा, २०२० चा उन्हाळा. टाळेबंदी लागली, बाजार बंद झाले आणि कित्येक शेतकऱ्यांची तयार कलिंगडं शेतात पडून राहिली. हे पीक थांबत नाही, पिकलं की विकावंच लागतं. मल्चिंग, ठिबक, रोपं, फवारणी असा खर्च आधी होतो आणि भाव नंतर कळतो. म्हणून आमचं म्हणणं असं की एक उन्हाळा परसात करा. वेल कशी वागते, माशी कधी येते, पाणी किती लागतं, हे एका वहीत लिहा. घरचं खाऊन उरलेली चार फळं आठवडे बाजारात विकून पाहा. मग गटाच्या बैठकीत वही पुढे ठेवा आणि कर्जाचं बोला. नाही म्हणणार नाही आम्ही, पण वही बघू.

बी राखणाऱ्यांनी सगळ्यात पहिलं, सगळ्यात चांगलं फळ बीसाठी ठेवायचं. लेकरं हट्ट करतील तरीही. बी धुऊन, सावलीत वाळवून, थोडी राख चोळून काचेच्या बाटलीत भरा आणि वर जात आणि वर्ष लिहा. पुढच्या संक्रांतीला वाणाच्या पुड्या बाजारातून आणायच्या नाहीत असं आमच्या गटाने ठरवलंय.

तुमच्या वेलीचे प्रश्न आपल्या केंद्राकडे चिठ्ठी लिहून पाठवा, किंवा गटाच्या बैठकीत रोगट पान, सडकं फळ पिशवीत बांधून घेऊन या. पुढच्या वेळी कारली आणि दोडक्याच्या मांडवाबद्दल बोलू. आणि ती नवी सून हे ऐकत असेल तर तिच्यासाठी: तुझ्या पुडीतल्या बिया तुझ्याच हाताने टाक, कोणत्याही दिवशी टाक, फक्त थंडी गेलेली असू दे.

नमस्कार.